दगडांची उडवी

भाताची झोडणी उरकली की खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचतात. तळाशी ऐसपैस, वर निमुळती. पाणी आत न मुरता बाहेरच्या बाहेर ओघळून जावं अशी. आयरिश भाषेत असल्या राशीला 'क्रुअख' म्हणतात. ती गवताची असेल, धान्याच्या पेंढ्यांची असेल, नाहीतर दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, ढेपांची असेल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, क्ल्यू उपसागराच्या दक्षिण काठाला अशीच एक उडवी उभी आहे. ती दगडांची आहे आणि ७६४ मीटर उंच आहे.

तिचं आयरिश नाव क्रुअख फॉड्रिग, म्हणजे पॅट्रिकची उडवी. इंग्रजी नकाशांवर 'क्रो पॅट्रिक' असं छापतात. पायथ्याच्या मरिस्क गावातले आणि आठेक किलोमीटरवरच्या वेस्टपोर्टमधले लोक मात्र नुसतं 'द रीक' म्हणतात. रीक म्हणजेही गंजीच, फक्त इंग्रजीच्या जुन्या ग्रामीण बोलीतली. या भागातून आयरिश भाषा रोजच्या बोलण्यातून मागे हटली, इंग्रजी आली. डोंगराकडे पाहण्याची नजर मात्र शेतकऱ्याचीच राहिली.

माझी या डोंगराशी ओळख झाली ती 'धरणं' या शब्दामुळे. त्या शब्दाचा इतिहास शोधताना हेन्री मेन यांच्या १८७५ सालच्या व्याख्यानांपर्यंत पोचलो. मेन १८६२ ते १८६९ या काळात कलकत्त्यात सरकारचे विधी सदस्य होते. आपल्याकडची धरणं धरण्याची रीत त्यांना ठाऊक होती: देणं थकवणाऱ्याच्या दारात धनको उपाशी बसतो आणि तो तसा बसून आहे तोवर घरधन्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मेन यांनी या रीतीशेजारी आयर्लंडचा जुना कायदा ठेवला. त्या कायद्यातही हेच होतं. बड्या असामीवर दावा असेल तर जप्तीच्या आधी तिच्या दारात उपास करायचा. त्याला 'त्रोस्कद' म्हणत. दारात कुणी उपाशी बसलं असताना ज्याने दाद दिली नाही, त्याच्याकडून मूळ देण्याच्या दुप्पट वसूल करायची तरतूद होती.

पुढे वाचत गेलो आणि कळलं, की आयर्लंडमधलं सर्वांत प्रसिद्ध धरणं या दगडी उडवीच्या माथ्यावर धरलं गेलं अशी कथा आहे. धरणं धरणारा होता संत पॅट्रिक. आणि ते धरलं होतं देवाच्या दारात.

*

आधी खुद्द पॅट्रिकविषयी. तो आयरिश नव्हता. पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमधल्या बऱ्या घरातला मुलगा. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्याला पळवून आयर्लंडला गुलाम म्हणून विकलं. सहा वर्षं त्याने गुरं-मेंढरं राखली, मग पळून गेला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच लोकांत परत आला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्या हातची दोन लॅटिन लिखाणं टिकली आहेत. एक आत्मनिवेदन आणि एक पत्र. त्यांत पश्चिम समुद्राजवळच्या एका रानाचा उल्लेख येतो, पण या डोंगराचा अवाक्षरानेही नाही.

डोंगर येतो दोनेकशे वर्षांनी. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात टीरेखान नावाच्या बिशपने पॅट्रिकच्या प्रवासांची लॅटिन हकिगत लिहिली. तो याच मुलखाचा, उत्तर मेयोकडचा माणूस. इ.स. ८०७ च्या सुमारास नकललेल्या 'बुक ऑफ आर्मा' या हस्तलिखितात ती हकिगत टिकली आहे, आणि हे हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. टीरेखान सांगतो, की पॅट्रिक 'ऐगला' नावाच्या डोंगरावर चाळीस दिवस, चाळीस रात्री उपाशी राहिला, मोझेस आणि येशू राहिले होते तसा. तिथे त्याच्याभोवती इतके पक्षी गोळा झाले, की त्याला आकाश, समुद्र आणि जमीन दिसेनाशी झाली.

याच हकिगतीत एक छोटी गोष्ट आहे, आणि मला ती चाळीस दिवसांच्या उपासाहूनही जास्त भिडते. डोंगर चढायच्या आधी पायथ्याशी, मरिस्कला, पॅट्रिकचा सारथी मेला. पॅट्रिकने तिथेच त्याला पुरलं आणि वर दगड रचले. म्हणजे या डोंगराच्या सर्वांत जुन्या लिखित आठवणीतही दगडांची एक रास आहेच, आणि ती एका साध्या माणसासाठी हाताने रचलेली आहे.

नवव्या-दहाव्या शतकापर्यंत कथा फुलली. 'त्रिभागी चरित्र' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयरिश ग्रंथात पॅट्रिक काहीतरी मागायलाच डोंगरावर बसलेला आहे. काळे पक्षी झुंडीने येतात. तो स्तोत्रं म्हणतो, ते हटत नाहीत. शेवटी तो हातातली घंटा त्यांच्यावर इतक्या जोरात फेकतो, की तिचा टवका उडतो. पक्षी पळतात, आणि तो रडत राहतो. अंगावरचं वस्त्र भिजून जातं. मग देवदूत पांढरे पक्षी घेऊन येतो. समुद्रावर नजर जाईल तेवढ्या जागेत मावतील इतके आत्मे तुला दिले, आता खाली उतर, म्हणतो. पॅट्रिक म्हणतो, पुरेसे नाहीत. देवदूत वाढवून देतो. पॅट्रिक जागचा हलत नाही. परके सॅक्सन लोक आयर्लंडवर कधी ताबा मिळवू नयेत, हेही त्याला हवं आहे. प्रलयाच्या सात वर्षं आधी समुद्राने या बेटाला पोटात घ्यावं, म्हणजे शेवटचे हाल माझ्या लोकांच्या वाट्याला येणार नाहीत, हेही. आणि अखेरची मागणी अशी, की न्यायाच्या दिवशी आयर्लंडच्या माणसांचा निवाडा मीच करणार. हे मिळणार नाही, असं देवदूत स्पष्ट सांगतो. मग मीही उठणार नाही, असं पॅट्रिक सांगतो. देवदूत स्वर्गात विचारायला जातो. परत येतो आणि मान्य झाल्याचं सांगतो.

धरण्याची सगळी लक्षणं इथे आहेत: उपास, दार न सोडणं, मध्यस्थाच्या येरझारा, आणि बड्या असामीने नमतं घेणं. आयर्लंडच्या श्रोत्यांना हे आपल्याच कायद्यातलं आहे हे सांगावं लागलं नसणार. मराठी वाचकालाही सांगावं लागू नये.

हा ग्रंथ छापून जगापुढे आणणारा माणूसही भारतातच घडला. व्हिटली स्टोक्स, जन्म डब्लिनचा, १८३० चा. १८६२ मध्ये वकिलीसाठी भारतात आले आणि वीस वर्षं राहिले. १८७७ ते १८८२ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यांच्याच काळातला, त्यांच्याच हाताखालून गेलेला. आज पुण्यात फ्लॅटचं खरेदीखत होतं, सिंधुदुर्गात कलमांची बाग गहाण पडते, ते त्याच कायद्याखाली. दिवसा ही कलमं घडवणारे स्टोक्स उरलेल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्या लावत बसत. पॅट्रिक, ब्रिजिट आणि कोलुम्बा या तीन संतांवरची मध्ययुगीन आयरिश प्रवचनं त्यांनी १८७७ मध्ये छापली, ती कलकत्त्यात. 'त्रिभागी चरित्र' त्यांनी लंडनहून १८८७ मध्ये काढलं. मेयोच्या उघड्या माथ्यावरची ही कथा अभ्यासकांच्या हाती येण्यात हुगळीकाठच्या छापखान्याचा वाटा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

आता खुद्द दगडाकडे. सुमारे त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि तळाशी वाळू साचत होती. पुढे भूखंडांच्या टकरीत ती वाळू इतकी दाबली, भाजली गेली, की तिचा क्वार्टझाइट झाला. साध्या भाषेत गारेचा दगड, आपल्या गारगोटीच्या जातकुळीचा. हा दगड पाण्याने विरघळत नाही, कुजून त्याची माती होत नाही. त्यामुळे माथ्यावर गवतही नीट धरत नाही. त्याचा एकच वैरी आहे, गोठणारं पाणी. भेगेत शिरलेल्या पाण्याचा बर्फ झाला की दगड तडकतो. हजारो हिवाळ्यांत तडकलेल्या तुकड्यांनी वरचा शंकू झाकून टाकला आहे. आपले गिर्यारोहक ज्याला घसारा म्हणतात, तो हाच. ऊन पडलं की दुरून माथा करडा-पांढरा चमकतो, बर्फ पडल्यासारखा.

उंची ऐकून हा डोंगर किरकोळ वाटेल. पण मरिस्क समुद्राच्या काठाला आहे, त्यामुळे सातशे चौसष्टपैकी जवळजवळ प्रत्येक मीटर पायांना मोजावा लागतो. जाऊन येऊन सात किलोमीटर, तीन ते चार तास. पायथ्याशी काठ्या मिळतात आणि शहाणा माणूस काठी घेतो. थोडं वर पॅट्रिकचा १९२८ चा पांढरा पुतळा लागतो. पुढे वाट ओढ्याच्या कडेने एका रुंद खांद्यावर येते. इथे वारा अंगावर येतो, आणि मागे वळून पाहिलं तर क्ल्यू उपसागर उलगडतो. हिरव्या पाठींची बेटंच बेटं. वर्षाच्या दिवसांइतकी, तीनशे पासष्ट आहेत, असं लोक सांगतात. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गोलसर टेकड्या आहेत त्या. समुद्र चढला तसा त्यांचा पायथा बुडाला आणि पाठी वर राहिल्या.

खांद्यापासून वर शंकू. इथून वाट म्हणजे अलीकडेपर्यंत फक्त उभा घसारा होता. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं. दगड दगडावर आपटला की काचेसारखा खणखणतो. वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड सुटायचा आणि खालच्या माणसाच्या नडगीवर यायचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी, 'रीक संडे'ला, इथे हजारो माणसं एकाच वेळी चढत-उतरत असतात. त्या दिवशी देशभरातली पर्वत-बचाव पथकं मेयोत येतात. मुरगळलेले घोटे, फुटलेली डोकी, बंद पडलेलं हृदय. दरवर्षी कुणी ना कुणी स्ट्रेचरवरून खाली येतंच.

आणि या दगडांवरून काही जण अनवाणी जातात. पूर्वी पुष्कळ जात, आता कमी. गारेच्या दगडाची तुटलेली कड सुरीसारखी असते, त्यामुळे अनवाणी माणूस हळू चालतो. पाऊल टाकायच्या आधी दगड पायाने चाचपतो, वजन थोडं देऊन पाहतो, मगच दुसरा पाय उचलतो.

वर काय करायचं हे ठरलेलं आहे. शंकूच्या पायथ्याशी 'लॅख्त बेनॉन' ही दगडांची रास आहे, पॅट्रिकच्या शिष्याच्या नावाची. तिच्याभोवती प्रार्थना पुटपुटत सात फेऱ्या. माथ्यावरच्या चॅपलभोवती पंधरा. मग 'लॅबा फॉड्रिग', म्हणजे पॅट्रिकचा बिछाना, या जागेभोवती सात. पश्चिमेच्या उतरणीला थोडं खाली 'रेलिग वुरा', मेरीची दफनभूमी, तिथे दगडांच्या तीन राशी, प्रत्येकीभोवती सात. शेवटी 'गॅरी मोर' या मोठ्या वाफ्याभोवती सात. सगळ्या फेऱ्या सूर्याच्या दिशेने, उजवा हात मधल्या राशीकडे ठेवून.

या दिशेला आयरिशमध्ये 'देशल' म्हणतात. तो शब्द जुन्या आयरिशमधल्या 'देस' पासून आला. देस म्हणजे उजवा, आणि देस म्हणजेच दक्षिण. संस्कृतातल्या 'दक्षिण' या शब्दाचं आणि याचं मूळ एकच आहे, आणि दुहेरी अर्थही तोच. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो. 'प्रदक्षिणा' या शब्दात आपण हेच बोलतो. आयरिश माणूसही असाच पूर्वेकडे तोंड करून दिशा मोजत आला आहे. त्याच्या भाषेत पश्चिमेला आणि मागच्या बाजूला असलेल्यासाठी आजही एकच शब्द चालतो, 'हीअर'. आपलं 'पश्चिम' आणि 'पश्चात' असंच एका घरातलं. उलट्या फेरीला आयरिशमध्ये 'तुअहल' म्हणतात, आणि त्याच शब्दाने चुकीचं, विपरीत, अशुभ असंही सुचवतात. शब्द एका मुळाचा आहे हे पक्कं. दगडाला उजवी घालायची रीतही एकाच मुळातून दोन्हीकडे गेली का, यावर अभ्यासक जपून बोलतात आणि मीही जपूनच बोलेन. पण रेलिग वुराच्या राशीभोवती चालणाऱ्या बाईला आपल्या आजीने ओळखलं असतं, एवढं मी निर्धास्त लिहितो.

*

हे सगळं पॅट्रिकने सुरू केलं का? आयर्लंडमध्ये या प्रश्नाचं तयार उत्तर असं दिलं जातं, की मूळ सण लू या केल्टिक देवाचा, ख्रिस्ती धर्माने तो हडपला. मला ते उत्तर फार सरधोपट वाटतं. कागद काय सांगतात ते पाहू.

इ.स. १११३ च्या नोंदीत आयरिश बखरी सांगतात, की पॅट्रिकच्या सणाच्या रात्री या डोंगरावर आगीचा लोळ कोसळला आणि उपास करत बसलेल्यांपैकी तीस जण मेले. पॅट्रिकचा सण १७ मार्चला असतो. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी माणसं इथे उघड्यावर, रात्री, हिवाळ्याच्या अखेरीस उपाशी बसत होती. १४३२ मध्ये पोप चौथा यूजीन या डोंगरावरच्या चॅपलला भेट देणाऱ्यांना पापक्षालनात सवलत देतो, आणि त्यासाठी दिवस नेमतो १ ऑगस्टच्या आधीचा रविवार. हाच आजचा रीक संडे. आणि १ ऑगस्ट हा 'लूनासा'चा दिवस, सुगीच्या आरंभाचा.

लूनासावरचा मोठा अभ्यास माअरा मॅकनील या संशोधिकेने केला. आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने गावोगावी जमवलेल्या आठवणी तिने वर्षानुवर्षं चाळल्या. तिचा ग्रंथ १९६२ मध्ये निघाला. जुलैच्या शेवटच्या रविवारी डोंगरमाथ्यावर, तळ्याकाठी, झऱ्यापाशी जमण्याची रीत देशभर होती, हे तिने दाखवलं. मेयोत त्या दिवसाला 'क्रोम दुवचा रविवार' म्हणत. क्रोम दुव म्हणजे काळा, वाकलेला असा कुणी जुना दैत्य-देव. त्या दिवशी नवे बटाटे पहिल्यांदा खणायचे. त्याआधीचा जुलै हा उपासमारीचा महिना, कारण जुने बटाटे संपलेले आणि नवे तयार नाहीत. पहिल्या खणणीचा आनंद आणि डोंगराची वारी एका दिवशी येत होती. सुगीच्या तोंडावर माणूस उंच जागी जाऊन दाद मागतो. त्यासाठी देव कोणता हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

१९९४-९५ मध्ये माथ्यावर उत्खनन झालं. जुन्या तटबंदीच्या आत झोपड्यांच्या गोल जागा सापडल्या, आणि चुन्याशिवाय रचलेल्या एका छोट्या दगडी प्रार्थनागृहाचा पाया सापडला. कार्बन-मापनाने त्याचा काळ इ.स. ४३० ते ८९० च्या दरम्यानचा ठरला. टीरेखान लिहीत होता तेव्हा वर खरोखरच काहीतरी बांधलेलं असणं शक्य आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं. याहूनही जुनं काही पाहायचं तर डोंगराच्या पूर्वेला बोहे इथला कातळ आहे. त्यावर प्रागैतिहासिक माणसांनी वाटीएवढे खळगे आणि त्यांच्याभोवती वर्तुळं कोरली आहेत. १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्या कातळापाशी उभं राहिलं तर सूर्य नेमका उडवीच्या टोकावर टेकतो आणि मावळण्याऐवजी उजव्या उतारावरून गडगडत खाली जाताना दिसतो.

सापांचीही गोष्ट याच डोंगरावरची मानतात. पॅट्रिकने इथून आयर्लंडचे साप समुद्रात हाकलले म्हणे. पण पॅट्रिकच्या आधी, तिसऱ्या शतकात, सोलिनस या रोमन लेखकाने आयर्लंडात साप नसल्याचं लिहून ठेवलं होतं. हिमयुगानंतर समुद्र मध्ये आला आणि साप पोचलेच नाहीत.

*

पॅट्रिकने मागितलेलं एक वचन टिकलं नाही. सॅक्सन आले आणि राहिले. १७०४ च्या कायद्याने तीर्थस्थळी जमणाऱ्या कॅथलिकांना दहा शिलिंग दंड ठरला, आणि दंड न भरणाऱ्याला फटके. वारी थांबली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर 'बॉब ऑफ द रीक' नावाने ओळखला जाणारा एक माणूस डोंगरावरच राहत होता. ज्यांना चढवत नाही त्यांच्या वतीने तो फेऱ्या घालायचा आणि त्यावर पोट भरायचा.

त्या काळच्या वारीतली एक वस्तू डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: 'क्लॉग दुव', काळी घंटा. लोखंडाची, हाताच्या स्पर्शाने आणि काळाने झिजलेली, कडा खाल्लेल्या. पॅट्रिकने पक्ष्यांवर फेकली ती हीच, असं लोक मानत. ती त्याच्या काळानंतरची आहे. ज्या घराण्याकडे तिची राखण होती ते दरवर्षी ती माथ्यावर नेत, आणि माणसं वाकून तिचं चुंबन घेत. आता ती काचेआड आहे. वाजवायची वस्तू अशी मुकी ठेवलेली पाहणं मला अवघड वाटतं, पण तिची झीज पाहता दुसरा उपायही नव्हता.

मग १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. ज्या पिकाच्या पहिल्या खणणीसाठी माणसं डोंगर चढत, तेच जमिनीत कुजलं. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे तीन लाख एकोणनव्वद हजार होती. दहा वर्षांनी ती पावणेतीन लाखांवर आली. आज ती एक लाख अडतीस हजारांच्या आसपास आहे. दुष्काळाने सुरू झालेलं स्थलांतर शतकभर थांबलंच नाही. मार्च १८४९ मध्ये डोंगराच्या पश्चिमेकडच्या लुइसबर्ग गावातून शेकडो उपाशी माणसं धान्याची नोंद करून घ्यायला दक्षिणेच्या डेल्फी लॉजपर्यंत, एकोणीस किलोमीटर, गारठ्यात चालत गेली. त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. डूलॉखच्या तळ्याकाठी वाटेतच माणसं मरून पडली. किती, यावर आजही एकमत नाही. दारात उपाशी आलेल्याला दाद न देणाऱ्यावर दुप्पट भरपाई लादणारा कायदा ज्या भूमीचा, तिथे हे घडलं.

मरिस्कला, चढाई सुरू होते तिथे रस्त्यापलीकडे, जॉन बीहन यांनी ब्राँझमध्ये घडवलेलं 'शवपेटी-जहाज' उभं आहे. राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी १९९७ मध्ये त्याचं अनावरण केलं. शिडांच्या दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे ओढले गेले आहेत. डोंगरावर जाणाऱ्याला ते टाळता येत नाही, आणि टाळता येऊ नये अशाच जागी ते ठेवलं आहे.

*

आजचं पांढरं चॅपल १९०५ चं. सिमेंट गाढवांच्या पाठीवरून वर गेलं, बाकीचं माणसांनी वाहिलं. ३० जुलैला, रीक संडेलाच, ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. पुढची कित्येक दशकं लोक रात्री चढत, कंदील आणि विजेऱ्या घेऊन. समुद्रातल्या बेटांवरून उजेडाची ओळ दिसे. अपघात वाढले तशी १९७० च्या दशकात रात्रीची वारी बंद झाली. २०१५ मध्ये वादळामुळे धर्मपीठाने रविवारचा कार्यक्रमच रद्द केला, तरी शेकडो माणसं वर गेलीच. आसपासच्या गावांतले काही जुने लोक तर रविवारी जातच नाहीत. त्यांचा दिवस आधीचा शुक्रवार, 'गार्लंड फ्रायडे', गर्दीशिवायचा.

१९८० च्या दशकात या डोंगरात सोनं सापडलं. किमान बारा शिरा, टनामागे चौदा ग्रॅम, खनिज सात लाख टन. म्हणजे तीन लाख औंसांहून अधिक सोनं. मेयो हा तेव्हा पोरंबाळं परदेशी धाडणारा गरीब परगणा, आणि शंभर-दोनशे नोकऱ्या ही तिथे लहान गोष्ट नव्हती. तरी लोक उठले. स्थानिक पर्यावरण गटाने बाजू लावून धरली आणि परगण्याच्या कौन्सिलने डोंगरावर खाण होऊ द्यायची नाही असं ठरवलं. कौन्सिलने पुढे १९९२ च्या विकास आराखड्यात आजूबाजूच्या मोठ्या मुलखावरही खाणबंदी घातली. ती त्याच वर्षी उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. कंपन्या नुकसानभरपाई मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २००१ मध्ये तिथे त्यांची मागणी फेटाळली गेली. सोनं आहे तिथेच आहे, माणसांच्या टाचांखाली.

पण खाणीपासून वाचलेला डोंगर पायांपासून वाचत नव्हता. आता वर्षाला लाखाहून अधिक माणसं चढतात. वारकरी, गिर्यारोहक, धावपटू, शाळांच्या सहली, धर्मादाय निधीसाठीच्या मोहिमा. घसारा नको म्हणून माणूस कडेने चालतो. कडेची माती आणि हीदरची झुडपं सुटतात. तिथेही घसारा होतो. पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. वाट आडवी पसरत गेली आणि दुरूनही डोंगराच्या अंगावर फिकट ओरखडा दिसू लागला.

चर्च, जमीनमालक, गिर्यारोहक संघटना, बचाव पथक आणि कौन्सिल एका टेबलाशी बसायला बरीच वर्षं लागली. एक प्रश्न सगळ्यांत अवघड होता: प्रायश्चित्ताची वाट सोपी करावी का? माझं मत विचाराल तर हो. अवघडपणा डोंगराच्या चढात आहे. दुसऱ्याच्या नडगीवर दगड लोटण्यात कुठलं प्रायश्चित्त?

२०२० नंतरच्या वर्षांत काम उभं राहिलं. मोजकी माणसं, हाताची अवजारं, आणि डोंगरावरचेच दगड. सिमेंट नाही, यंत्र नाही. आपल्याकडे बांध घालणाऱ्या गवंड्याला ही पद्धत दाखवली तर तो लगेच ओळखेल. पहारीने मोठा दगड घसाऱ्यातून उकलायचा, गडगडत जाऊ न देता आडवा धरायचा. जागी खड्डा घ्यायचा. दगड उभा, खोल बसवायचा, सपाट तोंड वर ठेवायचं. दोन-तृतीयांश आत, एक-तृतीयांश पायासाठी. शेजारचा दगड त्याला अंगाशी भिडवायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. फटीत चिपा ठोकायच्या. पाणी कुठून जाईल ते पाहून आडवा चर काढून द्यायचा, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात बर्फ सगळं उचकटून टाकेल. वारा असला तर हात बधिर होतात आणि धुकं आलं तर चार दगडांपलीकडचं दिसत नाही. चांगल्या दिवशी हातभर, दोन हात वाट पुढे सरकते.

दगड बसला की त्यावर उभं राहायचं, एका पायावर सगळं वजन द्यायचं, आणि हलतो का ते पाहायचं. हलला तर काढायचा, खालची माती पुन्हा उकरायची आणि परत बसवायचा.